पाडायची यादी, राखायची यादी

(बी.डी.डी. चाळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)



विषय दिलाय 'नगर नियोजन आणि वारसा जतन'. ऐकूनच जांभई येते. येऊ द्या. पण ज्या विषयाची आपल्याला जांभई येते, त्याच विषयावर प्रस्थापित माणूस रात्र रात्र जागतो. मोर्चा म्हटलं की आपण रस्ते भरून टाकतो. आणि पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात जाहिरात येते, 'हरकती व सूचना एक महिन्याच्या आत पाठवाव्यात', तेव्हा आपल्यातली दहा पोरंही वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढत नाहीत. शहराची वाटणी होते ती त्या एका महिन्यात. मोर्चा निघतो तो वाटणी झाल्यावर.

या मुंबईत इमारतींच्या दोन याद्या आहेत. एक राखायची, तिला हेरिटेज म्हणतात. दुसरी पाडायची, तिला धोकादायक म्हणतात. आपल्या बापजाद्यांनी ज्या इमारतींत जन्म काढले त्या बहुतेक दुसऱ्या यादीत सापडतील. आपल्याला सांगतात, बाबांनो, हे काळानं केलं, पावसानं केलं, गंजानं केलं. खोटं आहे. पाऊस फोर्टातही पडतो. याद्या माणसं करतात. टेबलाभोवती बसून करतात, ठराव करून करतात. आणि जे ठरावानं होतं ते ठरावानं बदलताही येतं. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा पुरावा.

पहिला पुरावा आपल्याच घरातला. महाड. चवदार तळ्याची गोष्ट आपण पाळण्यापासून ऐकतो, पण अर्धीच ऐकतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणे तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं त्या कागदानं एक ओंजळ पाणी दिलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग काय झालं? ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव रद्द केला. तळं तेच, पाणी तेच, गाव तेच. फक्त सभागृहात हात वर झाले आणि आपल्या हक्काचं पाणी पुन्हा बेकायदा झालं. बाबासाहेबांनी काय केलं? डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह मांडला, मनुस्मृती जाळली, आणि दिवाणी दावाही लढवला. तो चालला १७ मार्च १९३७ पर्यंत, हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागेपर्यंत. दहा वर्षं. तळ्यावर जाणं हा अर्धा धडा. दावा चालवणं हा दुसरा अर्धा. आपण पहिला अर्धा पाठ केला, दुसरा ऑप्शनला टाकला.

आता दुसरा पुरावा, आपल्या पायाखालचा.

१९२० च्या सुमाराला गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं एक खातं काढलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याचंच बी.डी.डी. या खात्याकडं दोन मोठी कामं होती. एक, बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढायची. दुसरं, गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या. खोल्यांसाठी पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. पन्नास हजारांच्या झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. २०७ चाळी, एकेका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या काळी नव्या निघालेल्या सिमेंट-काँक्रिटच्या. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा सरकारनं तात्पुरता तुरुंग केला होता. यावरून वास्तुशास्त्र काय दर्जाचं होतं ते समजा.

आणि समुद्र हटवून काढलेली जमीन? तिच्यावर पुढं मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेकडच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. त्याही काँक्रिटच्याच. ३० जून २०१८ ला युनेस्कोनं ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या आणि मरीन ड्राइव्हच्या त्या ९४ इमारती जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको.

बघा बरं. खातं एक. गव्हर्नर एक. माल एक. एका कामाचं फळ जगाचा वारसा, दुसऱ्याचं फळ डेब्रिज. का? तिकडं सिनेमाचे मालक, सॉलिसिटर, व्यापारी राहिले. इकडं ज्यांना विणकाम खात्यात घेत नव्हते ते राहिले. का घेत नव्हते हेही माहीत असू द्या. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपली थुंकी विटाळाची. गाठीमागं रुपया कर देणाऱ्या कापसात राबून ज्यांची छाती भरली, त्यांच्या खोलीला वारसा म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

इथं मला थांबवून तुमच्यातला कुणी विचारील, मग काय, चाळी राखायच्या? मी याच चाळीत वाढलो. १६० फुटांत सात माणसं. पहाटे संडासापुढं टमरेल घेऊन रांग, पावसाळ्यात छपराखाली बादली. कॅमेरा गळ्यात अडकवून माणसं येतात, गॅलरीचे फोटो काढतात, 'काय सामूहिक जीवन होतं हो' म्हणतात. माझी आई एकाला म्हणाली, "सायेब, लई आवडली असंल तर खोली बदलून घेता का? तुमची आमाला द्या." साहेब पुन्हा आले नाहीत. तेव्हा हे स्पष्ट बोलतो : माणसाला पाचशे फुटांचं घर मिळालंच पाहिजे, ते भीक म्हणून नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, त्या दिवशी आनंद झाला नाही असं म्हणणारा ढोंगी आहे.

पण घर मिळालं म्हणून इतिहास द्यायचा, असा सौदा कुणी ठरवला? मरीन ड्राइव्हवाल्याला कुणी विचारलं का, की बाबा, लिफ्ट पाहिजे की वारसा? त्याला दोन्ही मिळतं.

वरळीच्या याच चाळींत जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्च्यावर वरून दगड आले आणि भागवत जाधव शहीद झाला. परळच्या बी.आय.टी. चाळीत, एक नंबरच्या इमारतीत, १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेब राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, गोलमेज परिषद हा सगळा काळ त्या चाळीतल्या पत्त्यावरचा. त्या बी.आय.टी. चाळींचा जन्म कशातून झाला? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं गरिबांच्या वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि उठवलेल्यांपैकी थोड्यांसाठी चाळी बांधल्या. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली, सुधारणा त्यांची आणि उठाबशा आपल्या.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ ची. विकास नियंत्रण नियमावलीतला ६७ नंबरचा नियम. पुढं २०३४ च्या नव्या नियमावलीतही वारसा जतनाचा नियम आलाच. त्यात श्रेणी आहेत : एक, दोन-अ, दोन-ब, तीन. त्यात इमारतीचं मूल्य कसं ठरवायचं? ऐतिहासिक आणि/किंवा सौंदर्याचं आणि/किंवा वास्तुकलेचं आणि/किंवा सांस्कृतिक. दोस्तांनो, त्या 'किंवा' खाली लाल रेघ मारा. इमारत सुंदर असलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तिथं इतिहास घडला असला तरी पुरे. तो 'किंवा' आपला आहे. पण आपण तो मागायला गेलो नाही, म्हणून तो घुमट आणि कमानीवाल्यांच्या नावावर चढला.

एका शब्दाची किंमत काय असते? गिरणीच्या जमिनी आठवा. १९९१ चा ५८ नंबरचा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची. बांधकामाखालची जमीन वाटणीतून गेली. त्यामुळं शहराच्या वाट्याला आलं चिंगूळ आणि मालकाला परात. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल वैध ठरवला. संपावर दीड वर्ष उपाशी बसलेल्या गिरणगावाला कळलंसुद्धा नाही की एक ओळ बदलली आणि गिरणगाव विकलं गेलं.

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. जिथं बाबासाहेबांचं छापखान्याचं काम चालायचं ती जागा. पाडणारे म्हणाले, इमारत धोकादायक होती, तिथं सतरा मजली भवन होणार. बघा, तोच शब्द. धोकादायक. १९ जुलैला प्रचंड मोर्चा निघाला, पाऊस डोक्यावर घेऊन माणसं आली. मला त्या मोर्च्याचा अभिमान आहे. पण एक सवाल करतो, राग मानू नका : ते भवन उभं होतं तेव्हा त्याच्यासाठी हेरिटेज समितीकडं अर्ज घेऊन जायला हवं, असं आपल्यातल्या किती जणांना सुचलं होतं?

आता शेवटचा पुरावा, साता समुद्रापलीकडचा. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकताना तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५ मध्ये घेतलं, नोव्हेंबरात उद्घाटन झालं. तिथली नगरपालिका कॅमडेन कौन्सिल. तिनं २०१८ मध्ये म्युझियमला परवानगी नाकारली. कारण? राहत्या घराचा वापर बदलतोय, वस्तीतलं एक घर कमी होतंय. शेजाऱ्यांचीही तक्रार : गर्दी होते, आवाज होतो. म्हणजे जमीन-वापराचा नियम गोऱ्या नगरपालिकेनंही आपल्यावर चालवला. पण तिथं काय झालं? अपील झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, वकील उभे राहिले, कागद मांडले. आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यानं निकाल दिला की म्युझियमचा लाभ घर कमी होण्याच्या तोट्यापेक्षा मोठा. ठराव फिरला.

जे सरकार लंडनच्या एका घरासाठी वकील उभे करतं, त्याला आपण वरळी-नायगाव-परळसाठी एका नकाशाचा हिशेब विचारू शकत नाही? 'स्मारक करू' हे बोलणं सोपं असतं, हार घालणं त्याहून सोपं. विकास आराखड्यावर आरक्षण म्हणून रंग भरला गेला तरच ते खरं. बाकी सगळं ६ डिसेंबरचं भाषण.

आणि हरकतींनी काही होत नाही असं म्हणू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा आराखडा जाहीर झाला. लोकांनी हजारो हरकती टाकल्या. एप्रिलमध्ये सरकारला तो नव्यानं दुरुस्त करायला सांगावं लागलं. अंतिम मंजुरी २०१८ मध्ये. त्यात आपल्या हरकती किती होत्या, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. कुणी म्हणेल, नगरसेवकाला सांगू. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ महापालिका एकट्या प्रशासकानं चालवली. सभागृह बंद होतं, फायली चालू होत्या. तेव्हा फाईल वाचायला शिका.

कामं सांगतो. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं आपल्या चाळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाकडून लिहून आणा : कोणत्या खोलीत रात्रशाळा चालली, कोणत्या मैदानात जलसा झाला, १९७४ ला पोलीस कोणत्या जिन्यानं वर आले. खोली नंबरासकट, सालासकट. दोघांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या भागाचा आराखड्याचा नकाशा आणा. वकिलीला असलेल्या पोरांनी हेरिटेज नियम आणा, आपण इथं मराठीत वाचू. म्हातारी माणसं नव्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर जातील, तिथून खाली येऊन गोष्ट सांगायला त्यांना वेळ उरणार नाही. चाळ पडायच्या आधी हा कागद तयार झाला पाहिजे आणि समितीच्या टेबलावर पडला पाहिजे. पोच घेऊन. शिक्क्यासकट.

ते नाही म्हणतील. म्हणू देत. महाडची नगरपालिकाही नाहीच म्हणाली होती.

जय भीम.