जुन्या गोव्याचं कॅथेड्रल : बांधणारे आणि राखणारे

गटाच्या सहलीचा विषय निघाला की गोव्याचं नाव येतंच. मग समुद्र, मंगेशी, शांतादुर्गा आणि जुन्या गोव्याची चर्चेस असा बेत ठरतो. चर्चमध्ये आपण आत जातो, हात जोडतो, फोटो काढतो आणि बाहेर येतो. म्हणून आज आम्ही तिथल्या सगळ्यात मोठ्या चर्चची, म्हणजे से कॅथेड्रलची माहिती सांगणार आहोत.

आधी कॅथेड्रल म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक चर्च कॅथेड्रल नसतं. ज्या चर्चमध्ये बिशपांचं आसन असतं, ते कॅथेड्रल. पोर्तुगीज भाषेत ‘से’ म्हणजेही आसन, गादी. आपल्या गटांतल्या कॅथलिक भगिनींना हे ठाऊक आहे. आपला नगर जिल्हा पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता. 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत झाला, तेव्हापासून आपले बिशप नाशिकला असतात. गोव्याच्या आर्चबिशपांचं आसन या से कॅथेड्रलमध्ये आहे.

आता इतिहास. 25 नोव्हेंबर 1510 रोजी पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा जिंकलं. तो दिवस संत कॅथरीनचा होता, म्हणून तिच्या नावानं चर्च उभं राहिलं. आज दिसणाऱ्या मोठ्या इमारतीचं काम 1562 मध्ये सुरू झालं. त्याच सुमाराला आपल्या नगरच्या किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशहानं पूर्ण केली होती. कॅथेड्रलची मुख्य इमारत 1619 मध्ये पुरी झाली आणि आतल्या वेद्या 1652 मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर 90 वर्षं. ज्यांनी पाया खणला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शेवट पाहिला.

ज्या संत कॅथरीनचं हे चर्च, ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली. कथा अशी सांगतात, की तिनं भरदरबारात पन्नास पंडितांशी वाद घातला आणि त्यांना निरुत्तर केलं. पुढे श्रद्धेपायी तिला जीव द्यावा लागला. मुख्य वेदीवर सोनेरी नक्षीकाम आहे. तिथल्या चौकटींमध्ये तिचीच कथा कोरली आहे. तिथे उभ्या राहाल तेव्हा घाई करू नका, एकेक चौकट बघा.

याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या वर्षांत पोर्तुगीज सत्तेनं गोव्यात देवळं पाडली, लोकांना धर्मावरून छळलं. 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं, ते 1812 मध्ये कायमचं बंद पडलं. सुंदर इमारत बघताना हे विसरायचं नाही. आणि आज तिथे प्रार्थनेला येणाऱ्या माणसावर त्याचा राग काढायचाही नाही. आपल्या एकाच गटात सगळ्या धर्मांच्या बाया सतरंजीला सतरंजी लावून बसतात. आपल्याला हे जमतं.

आता बांधणी. कॅथेड्रलची लांबी सुमारे 76 मीटर, म्हणजे अडीचशे फूट. रुंदी 55 मीटर. दर्शनी भिंत 35 मीटर उंच. आत मधला भाग सगळ्यात उंच, वर अर्धगोल कमानीचं छत आणि दोन्ही बाजूंना चार-चार छोटी प्रार्थनागृहं. बाहेरून बघाल तर इमारत लंगडी वाटते, कारण बुरूज एकच आहे. पूर्वी दोन होते. एक 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या बुरुजात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे. तिला सोन्याची घंटा म्हणतात. ती सोन्याची नाही, तिच्या गोड आवाजामुळे ते नाव पडलं.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते दगडाचं. आपल्याकडचा दगड काळा, पक्का. गोव्यातला दगड जांभा. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. आणि गोव्यात पाऊस किती? वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर, आपल्या पाचपट. म्हणून जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करतात. पावसाचा मार गिलावा सोसतो, दगड वाचतो. गिलावा झिजला की पुन्हा करायचा. से कॅथेड्रल पांढरंशुभ्र दिसतं, ते नुसतं शोभेसाठी नाही.

समोरच रस्त्यापलीकडे बॉम जेझुस चर्च आहे. तिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव ठेवलं आहे. ते चर्च लालसर दिसतं, कारण 1950 च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. दगड उघडा बरा दिसेल असं तेव्हा वाटलं. आज तो दगड पावसानं झिजतो आहे आणि गिलावा परत करा असं जाणकार सांगत आहेत. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनचं चर्च होतं. 1835 मध्ये सरकारनं तिथल्या धर्मगुरूंचा संघ बंद केला. चर्च ओस पडलं. सात वर्षांत, 1842 मध्ये, छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा पडला. आज तिथे 46 मीटरच्या मनोऱ्याचा उरलेला भाग तेवढा उभा आहे.

म्हणजे पाऊस तिघांवर सारखाच. फरक पडला तो देखभालीनं.

हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी पांढरी माती कोण पसरायचं? भिंती कोण पोतारायचं, अंगण कोण सारवायचं? आपल्या आया, आज्या, सासवा. एक वर्ष चुकलं तर घर गळायचं. पण घर कुणी बांधलं विचारलं तर नाव आजोबांचं निघायचं. बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर लागतं, राखणाऱ्याचं कुठेच नाही.

गटांनाही हेच लागू आहे. शेड बांधायला निधी मिळतो, पिठाची गिरणी घ्यायला कर्ज मिळतं. पण पत्रा उडाला, पट्टा तुटला की पैसे कुठून आणायचे यावर बैठका होतात. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की पुढच्या बैठकीत डागडुजीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी काढायचा ठराव घ्या आणि तो वहीत लिहा. देखभाल कोण करतं, तिचं नावही लिहा.

गोव्याला गेलात तर कॅथेड्रलमध्ये चपला वाजवत जाऊ नका, आवाज बेतानं ठेवा, प्रार्थना चालू असेल तर मागे थांबा. आणि बाहेर आल्यावर त्या पांढऱ्या भिंतीकडे एकदा नीट बघा.