बारक्या पडद्यावरची भीती

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, दहा मिनिटं एआयवर बोल." मी नको म्हटलं. एआयवर बोलणारे तुम्हाला व्हॉट्सॲपवर तासातासाला भेटतात. मी आज हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळायच्या एका भीतीच्या गेमबद्दल बोलणार आहे. हसा, हसा. पंचेचाळिशीला टेकलेल्या बाईनं आणखी कशावर बोलायचं, गुडघ्यांवर?

नववीत वर्गात ब्रिक गेम आला होता, आठवतंय? खोक्यावर "९९९९ गेम" छापलेलं आणि आत निव्वळ ठोकळे. भूगोलाच्या तासाला तो माझ्या हातात सापडला आणि बाईंनी जप्त केला. बाई, तो माझा नव्हता. ज्याचा होता तो दुसऱ्या रांगेत बसून आत्ताही हसतोय.

त्यानंतर असं यंत्र माझ्या हातात आलं ते २००२च्या फेब्रुवारीत. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि कामासाठी मला इंग्लंडला पाठवलं होतं. भाड्याची एक खोली, लवकर पडणारा अंधार, ओळखीचं कोणी नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात निन्टेन्डोचा गेम बॉय कलर मिळाला आणि त्याच्यासोबत एक कार्ट्रिज, 'रेसिडेंट ईव्हिल गायडन'. युरोपात हा गेम येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. इतक्यात कोणी तो विकून का टाकला असेल, हे मला खेळल्यावर कळलं.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याला सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात. नेहमीच्या मारामारीच्या गेममध्ये तुम्ही शूर असता आणि गोळ्या संपत नाहीत. इथे गोळ्या मोजक्या, औषध मोजकं, आणि समोर चालती प्रेतं. प्रत्येक वेळी ठरवायचं, मारायचं की वळसा घालून निसटायचं. या मालिकेतला पहिला गेम कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९६ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला. त्यात खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधावा लागे आणि त्याची शाईची रिबनही जवळ असावी लागे. रिबनीही मोजक्याच. म्हणजे कुठवर आलो त्याची नोंद ठेवायलासुद्धा रेशन!

त्या पहिल्या गेममध्ये दर खोलीआधी एक दार करकरत, सावकाश उघडायचं. छातीत धडधडायचं. खरं कारण असं की तेवढ्या वेळात यंत्र सीडीवरून पुढची खोली वाचून घेत असे. वाट बघायला लावणं ही यंत्राची अडचण होती, तिचीच त्यांनी भीती केली. माझ्या धंद्यात इतकी सुंदर लबाडी मी दुसरी पाहिलेली नाही. आम्ही तिथे नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवतो.

हाच गेम गेम बॉय कलरवर उतरवायचं हॉटजेन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं मनावर घेतलं होतं. आता आकडे ऐका. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, गेम बॉय कलरची ३२ किलोबाइट, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. त्या पडद्यावर त्यांनी तो अख्खा वाडा, कॅमेऱ्याचे तेच कोन, तीच दारं बसवत आणली होती. २००० मध्ये कॅपकॉमनं काम थांबवलं. २०१२ मध्ये त्याची अपुरी प्रत बाहेर फुटली, ती मी पाहिली. माणसं म्हणजे चार-पाच रंगीत डाग. कष्ट बघून डोळे भरून येतात, भीती मात्र वाटत नाही.

गायडन करणाऱ्या एम४ या ब्रिटिश मंडळींनी तो हट्टच धरला नाही. स्टारलाइट नावाचं एक जहाज. त्यावर लिऑन बेपत्ता झालाय, त्याला शोधायला बॅरी चढतो. लुसिया नावाची एक लहान मुलगी भेटते. हे सगळं वरून दिसतं, माणसं नखाएवढी. प्रेत अंगाशी आलं की दृश्य बदलतं आणि ते थेट तुमच्याकडे बघत पुढे येऊ लागतं. खाली एक पट्टी, पट्टीवर डावी-उजवीकडे धावणारी खूण. खूण नेमकी त्याच्यावर असताना बटण दाबायचं. चुकलात तर गोळी वाया.

गेम काही थोर नाही. तीच पट्टी, तीच खूण, तासाभरात वैताग येतो. शेवटी कथेला जो झटका दिलाय त्याचं पुढे कोणीच काही केलं नाही, मालिकेच्या मूळ कथेत हा गेम धरतच नाहीत. पण मी घाबरले, आणि चांगलीच घाबरले. गोळ्या सात उरल्या की आठ, एवढंच डोक्यात. आता बघा, प्रेताचं भयानक चित्र काढायला मेमरी लागते. "सात" हा आकडा ठेवायला एक बाइट पुरतो. भीती त्या आकड्यात होती. आपण सार्वजनिक वाचनालयातून नारायण धारप आणून पांघरुणात वाचायचो, तेव्हा तरी कुठे चित्रं होती?

आणखी एक गंमत. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवाच नाही. म्हणजे भीतीचा गेम, पण अंधारात खेळता येत नाही! मी टेबललॅम्पखाली मान वाकडी करून बसायचे.

त्याच दिवसांत इकडे आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी फोन करायचा तर पाच पौंडांचं कार्ड घ्यावं लागे. नंबर फिरवला की आधी एक बाई थंड आवाजात किती मिनिटं उरलीत ते सांगायची. एका रविवारी ती म्हणाली, चार. बाबांनी तीन मिनिटं थंडीबद्दल विचारण्यात घालवली. मग म्हणाले, "बरं ऐक, आज डॉक्टर म्हणाले की..." आणि कार्ड संपलं. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालेलं.

त्या रात्री मी गेम बॉय घेऊन बसले. बॅरीला एका दाराशी उभं केलं. गोळ्या सात होत्या. दार उघडलं नाही, गोळी झाडली नाही, गेम बंदही केला नाही. अडीचच्या सुमारास सेल संपले आणि पडदा फिका होत गेला.

सकाळी कामावर जाताना नवं कार्ड घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, उद्यापासून मऊ भात चालेल.

नंतर मी यापेक्षा कितीतरी चांगले गेम खेळले. निन्टेन्डो डीएसवरचा 'डिमेन्शियम' तर खासच. त्यात बॅटरी आणि हत्यार एकदम हातात धरता येत नाही: एक तर बघा, नाहीतर लढा. पण आज पिशवीत आणलाय तो तोच जुना गेम बॉय, तेच कार्ट्रिज. नवे दोन सेल घातलेत. जेवणाच्या पंगतीनंतर ज्याला हवा त्यानं घ्या, खिडकीपाशी बसा, उजेड लागेल. मागच्या बाकावरच्यांना आधी. आणि बाई, या खेपेला तो खरंच माझा आहे.