काचेच्या टाकीतील समुद्र : माशांची निवड

(खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळू इच्छिणाऱ्या शाळा, कार्यालये व कुटुंबे यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शोभिवंत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्रात नवा नाही. परंतु तो प्रामुख्याने गोड्या पाण्यातील माशांपुरता राहिला. समुद्रातील रंगीबेरंगी मासे काचेआड पाहण्याची संधी सर्वसामान्य माणसाला मिळाली ती मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. आज कृत्रिम समुद्री मीठ, पंप व गाळणयंत्रे बाजारात उपलब्ध असल्याने समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातही खाऱ्या पाण्याची टाकी उभी करता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत अशी टाकी असणे ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र टाकी आणल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो 'कोणता मासा सुंदर दिसेल?' हा. वास्तविक पहिला प्रश्न 'एवढ्याशा पाण्यात कोणता मासा सुखाने जगेल?' हा असावयास हवा. निवडीचे सारे शास्त्र या दुसऱ्या प्रश्नात सामावलेले आहे.

लहान टाकीचे गणित

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात सुमारे १३० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १०० लिटरच्या आसपास पाणी उरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात या टाकीतील १० लिटर पाणी आटले, तर केवळ पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. आणि खारटपणा लिटरला ३५ ग्रॅमवरून सुमारे ३९ ग्रॅमवर जातो. यास्तव आटलेले पाणी भरून काढताना मिठाचे पाणी न घालता क्लोरिनविरहित गोडे पाणी घालावयाचे असते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा ध्यानी घेता हे काम तेथे दररोज करावे लागते.

सागरी माशाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. त्याच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्याहून पुष्कळ कमी खारट असतो. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो खारे पाणी पीत राहतो आणि नको असलेले क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्याचा खारटपणा वारंवार बदलू लागला म्हणजे या व्यवस्थेवर ताण पडतो व मासा रोगाला बळी पडतो. शिवाय खाऱ्या व उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे आणि वीज गेल्यास हवा पुरविण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा, हे त्यामुळेच आवश्यक ठरते.

मोठ्या टाकीत चूक हळूहळू दिसते व सुधारण्यास अवधी मिळतो. लहान टाकीत तो मिळत नाही. म्हणून टाकी जितकी लहान, तितकी माशांची निवड काटेकोर असली पाहिजे.

मासे येण्यापूर्वी

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्यामानाने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू वाळूवर व दगडांवर पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा सोडू नये. पाण्यात कोळंबीचा लहानसा तुकडा टाकून जीवाणूंना खाद्य पुरवावे आणि तपासणी-संचाने पाहून अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली की मगच पुढचे पाऊल टाकावे. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरवून आदल्या दिवशी मासे आणण्याची पद्धत म्हणजे माशांच्या मृत्यूची तारीख ठरविणेच होय.

कोणते मासे घ्यावेत?

योग्य माशाच्या चार कसोट्या सांगता येतील. पूर्ण वाढ झाल्यावरही तो साधारण १० सेंटिमीटरच्या आत राहणारा असावा. त्याला पोहण्यास विस्तीर्ण जागा लागत नसावी. तयार खाद्य तो बिनतक्रार खात असावा. आणि शक्य तेथे तो समुद्रातून पकडलेला नसून बीजोत्पादन केंद्रात जन्मलेला असावा.

या चारही कसोट्यांना उतरणारा पहिला मासा म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन फिश. अंदमानच्या समुद्रातही तो आढळतो. निसर्गात तो समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शकांमध्ये आश्रय घेतो. परंतु टाकीत समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही, आणि नवख्याने समुद्रफूल आणूही नये. या माशाची जीवनकथा विद्यार्थ्यांना विशेष उद्‌बोधक ठरेल. सर्व पिले प्रथम नर म्हणून वाढतात. समूहातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो. लहान-मोठ्या आकाराची दोन पिले एकत्र आणल्यास बहुधा त्यांची जोडी जमते. दोनाहून अधिक मात्र ठेवू नयेत, कारण जोडी जमल्यावर उरलेल्यांचा छळ होतो. नीट सांभाळल्यास हा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो.

दुसरा मासा फायरफिश गोबी. पुढील भाग पांढुरका, शेपटीकडील भाग लालभडक आणि पाठीवर उंच तुरा असे याचे रूप असते. स्वभावाने तो भित्रा असून दचकला की पाण्याबाहेर उडी मारतो. टाकीवर जाळीचे झाकण नसेल तर हा मासा आणू नये. तिसरा, तळाशी राहणारा लहान गोबी. या गटातील काही जाती एका विशिष्ट कोळंबीबरोबर बिळात राहतात. दृष्टी अधू असलेली कोळंबी बीळ खणते व स्वच्छ ठेवते. मासा दाराशी राहून पहारा करतो. सहजीवनाचा याहून सुबोध धडा वर्गात क्वचितच दाखविता येईल.

इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातील कार्डिनल मासाही लहान टाकीस योग्य आहे. त्याचा नर अंडी व पिले तोंडात सांभाळतो. परंतु पकडीमुळे निसर्गातील त्याची संख्या घटून ही जात संकटात सापडली आहे. सबब बीजोत्पादन केंद्रातील असल्याची खात्री पटल्याखेरीज तो घेऊ नये.

वर सांगितलेल्या टाकीत क्लाऊन फिशची एक जोडी, एक फायरफिश आणि एक गोबी, असे चार मासे पुरेत. भित्रा मासा प्रथम व हक्क गाजविणारा क्लाऊन शेवटी सोडावा. दोन खेपांत किमान दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

कोणते मासे टाळावेत?

चित्रपटामुळे लहान मुलांच्या परिचयाचा झालेला निळा सर्जन मासा दुकानात बोटाएवढा दिसतो. पण त्याची वाढ ३० सेंटिमीटरपर्यंत होते व त्याला दूरवर पोहण्याची सवय असते. नक्षीदार मँडरिन मासा अतिसूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपून खातो. नव्या, लहान टाकीत ते संपतात आणि मासा सर्वांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळाचे जीव खाऊन जगतात. डॅमसेल मासे स्वस्त व काटक खरे. परंतु एकच डॅमसेल मोठा झाला की साऱ्या टाकीवर मालकी सांगू लागतो. लायन फिशचे काटे विषारी असल्याने शाळेत त्याला स्थान नसावे.

समुद्रघोड्यांना व दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ मध्ये संरक्षण देण्यात आले. त्यांची पकड व विक्री हा गुन्हा आहे, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आवर्जून सांगावे. कोकणातील शाळांना ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांमधून मासे आणण्याचा मोह होतो. त्यांतील कित्येक पिले मोठ्या वाढणाऱ्या शिकारी माशांची असतात व ती टाकीतील इतरांना गिळतात. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या, १९८७ साली घोषित झालेल्या संरक्षित क्षेत्रातून तर काहीही उचलू नये.

निवडीमागील जबाबदारी

दुकानातील मासा कोठून आला, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९६० नंतरच्या दशकात फिलिपीन्समध्ये प्रवाळखडकांत सायनाइडचे द्रावण फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पसरली. त्या विषाने आसपासचे प्रवाळ व लहान जीव मरतात. पकडलेला मासाही पुढे फार काळ तग धरत नाही. ग्राहकाने मेलेल्या माशाच्या जागी दुसरा, मग तिसरा आणला की या साखळीला बळ मिळते. याउलट बीजोत्पादन केंद्रातील मासा टाकीतच जन्मलेला व तयार खाद्यावर वाढलेला असतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळातील विळिंजम केंद्राने क्लाऊन माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. हे तंत्र किनाऱ्यावरील कुटुंबांना पूरक व्यवसाय देऊ शकते. असा मासा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

खरेदी करताना दुकानदारास मासा खात असलेला दाखविण्यास सांगावे. भराभर श्वास घेणारा, पंख मिटून कोपऱ्यात राहणारा अथवा अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा घेऊ नये. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवणे हिताचे असते. मे महिन्याच्या सुटीत टाकीची देखभाल कोण करणार, याचीही लेखी व्यवस्था मासे आणण्यापूर्वीच व्हावी.

शेवटची सूचना, पाळणे अशक्य झालेला मासा कधीही समुद्रात वा खाडीत सोडू नये. हिंद-प्रशांत महासागरातील लायन फिश १९८५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर प्रथम आढळला. पाळीव मासे सोडून दिल्याने तो तेथे पोहोचला, असे मानले जाते. आज अटलांटिकच्या पश्चिम भागात व कॅरिबियन समुद्रात त्याने स्थानिक माशांवर मोठे संकट आणले आहे. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या जाणकाराकडे सोपवावा.

चार मासे वर्षानुवर्षे जगलेल्या टाकीतून विद्यार्थी समुद्राविषयी बरेच शिकतील. दर महिन्यास मासे बदलाव्या लागणाऱ्या टाकीतून ते एकच गोष्ट शिकतील, ती म्हणजे जीव स्वस्त आहे. शाळेने व पंचायतीने यांपैकी कोणता धडा द्यावयाचा, हे मासे निवडतानाच ठरत असते.