टॅक्सीवाल्याला संघटना कशासाठी?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय, विज्ञान अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. तेथे यंदा टॅक्सीवाल्यांच्या आणि भाड्याने गाड्या चालवणाऱ्यांच्या संघटनेविषयी बोलण्यास आम्हांला पाचारण करण्यात आले, याबद्दल कार्यवाहांचे आम्ही आभारी आहोत. विषय रस्त्यावरचा आहे. परंतु भाड्याच्या गाडीत कधीच बसला नाही असा श्रोता या सभागृहात क्वचितच सापडेल, म्हणून तो आपणां सर्वांचाच आहे.

टॅक्सीवाल्यांची संघटना म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संप उभा राहतो. स्टेशनाबाहेर सामान घेऊन ताटकळलेले कुटुंब उभे राहते. ती चीड खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु संपाचे दोन दिवस लोकांच्या ध्यानात राहतात आणि बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस संघटना काय करते हे कोणी विचारीत नाही. त्या दिवसांचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. भाडे कोण ठरवतो? तेलाचा भाव चढला की किराणा दुकानदार दुसऱ्या दिवशी पाटीवरचा आकडा बदलतो. न्हावी, शिंपी, खानावळवाला, सगळे आपापल्या मालाची किंमत स्वतः ठरवतात. मीटरच्या टॅक्सीवाल्याला ही मुभा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 67 व्या कलमाने भाडे ठरवून देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि मुंबईच्या परिसरात महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ते ठरवते. हे योग्यच आहे. नाहीतर पावसाळ्यातल्या रात्री उतारूचे काय हाल होतील ते सांगावयास नको. परंतु याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. गाडीची किंमत, गॅस, टायर, विमा, कर्जाचा हप्ता हा सारा खर्च बाजाराच्या दराने. उत्पन्न मात्र सरकारी दराने. या दोहोंच्या मध्ये जो माणूस उभा आहे, त्याने एकट्याने काय करावे?

आकडेच पाहा. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे 2015 साली 22 रुपये झाले. ते 25 रुपये झाले 2021 च्या मार्चमध्ये. मधली जवळजवळ सहा वर्षे मीटर तेथेच थांबला; घरभाडे, मुलांची फी आणि गॅरेजचे बिल काही थांबले नाही. पुढे 2022 च्या ऑक्टोबरात 28 आणि 2025 च्या फेब्रुवारीत 31 रुपये झाले. हे आकडे आपोआप हलले नाहीत. खटुआ समितीने भाड्याचे जे सूत्र सुचवले, त्यात गाडीची किंमत, दुरुस्ती, विमा, व्याज, चालकाचा राहणीचा खर्च अशा गोष्टी धरावयाच्या असतात. सूत्र कागदावर असते. त्यात घालावयाच्या पावत्या कोणीतरी गोळा कराव्या लागतात, प्राधिकरणापुढे मांडाव्या लागतात, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. दिवसाचे बारा तास चाकावर बसणाऱ्या एकट्या माणसाचे हे काम नव्हे. त्याचा अर्ज टोपलीत जातो. हजारोंचा अर्ज टेबलावर राहतो.

दुसरी गोष्ट पासिंगची. भाड्याच्या गाडीला ठराविक मुदतीत योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला उशीर झाल्यास दररोज 50 रुपये जादा आकारावे अशी तरतूद 2016 साली केंद्राच्या नियमांत आली. गाडी दोनशे दिवस आजारपणात किंवा पैशाअभावी उभी राहिली, तर 10,000 रुपये झाले! महाराष्ट्रात या आकारणीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि काही वर्षे वसुली थांबली. 2024 साली न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, वसुली पुन्हा सुरू झाली, तेव्हा रिक्षा-टॅक्सीच्या संघटनांनी ठिकठिकाणी आवाज उठवला आणि त्याच वर्षी राज्य शासनाने ती थांबवली. कोर्टाचा खर्च, वकील, तारखा हे एका गाडीच्या कमाईत बसत नाही. वर्गणीत बसते.

तिसरी गोष्ट याहूनही लहान, पण घर तारणारी. परमिटधारक वारला तर काय होते? त्याच कायद्याच्या 82 व्या कलमाप्रमाणे वारसाला ते परमिट तीन महिने वापरता येते, मात्र मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत प्राधिकरणाला कळवावे लागते, आणि मग रीतसर आपल्या नावावर करून घ्यावे लागते. तीस दिवस! तेरावा होतो, पाहुणे परत जातात, बाईचे डोळे सुकतात न सुकतात, तोच महिना सरतो. तिला हे कलम कोण सांगणार? दारात येणारा दलाल ते सांगत नाही. तो परमिटाची किंमत सांगतो. संघटनेचा माणूस दहाव्या दिवशी कोरा अर्ज घेऊन गेला, तर त्या घरची चूल चालू राहते. संघटनेचा फायदा काय असे आम्हांला कोणी विचारले, तर भाडेवाढीच्या आधी आम्ही हा अर्ज दाखवू.

आता ॲपवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळू. येथे चालकाला 'भागीदार' म्हणतात. पण भाडे कोण ठरवतो, हा आमचा पहिला प्रश्न येथेही विचारून पाहा. लंडनच्या चालकांनी तो न्यायालयात विचारला. 19 फेब्रुवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबर कंपनीच्या त्या खटल्यातील चालकांना कामगाराचे हक्क आहेत असा निर्णय दिला. कारणे देताना न्यायालयाने पहिलेच कारण हे दिले, की भाडे कंपनी ठरवते, चालक नव्हे. किमान वेतन व भरपगारी रजा यांचा हक्क त्यांना त्यातून मिळाला. आपल्याकडे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा प्रथमच उल्लेख झाला आणि कंपन्यांनी उलाढालीचा काही भाग त्यांच्या निधीत घालावा असे म्हटले आहे. परंतु कायद्यात लिहिलेले पदरात पडेपर्यंत मागे लागणारा कोणी हवा. फोनवरच्या ॲपशी भांडता येत नाही, आणि खाते बंद झाले तर कोणत्या दारावर थाप मारावी हेही एकट्याला कळत नाही.

"पण वर्गणी खाऊन पुढारी गबर होतात," असे आपण म्हणाल. काही ठिकाणी होतातही. म्हणून आमच्या धंदेबंधूंना आमचे सांगणे असे, की डोळे मिटून कोठेही नाव घालू नका. तीन गोष्टी विचारा: संघटना नोंदलेली आहे काय? दरवर्षी हिशेब सभासदांपुढे वाचला जातो काय? निवडणूक वेळेवर होते काय? 1926 च्या कामगार संघटना कायद्यात सात सभासदांना नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. सातांनी सुरुवात करता येते, पण हिशेब सातांच्या खिशात राहता कामा नये. पावती मिळत नसेल तेथे पैसा देऊ नका.

आणि उतारूंचे काय? भाडे नाकारणारा, मीटरशी खेळणारा, परगावच्या माणसाला लांबून फिरवणारा चालक आहे, हे आम्ही जाणतो. डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमालांची आणि पुढे रिक्षावाल्यांची जी संघटना बांधली, तिला 'पंचायत' हे नाव दिले. तो शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. पंचायत नुसती मागत नाही. ती न्यायही करते, आणि प्रसंगी आपल्याच माणसाला उभे करून जाब विचारते. जी संघटना उतारूची तक्रार ऐकून घेत नाही, तिला भाडेवाढ मागताना उतारूची सहानुभूती मागण्याचा अधिकार नाही. स्टँडवर शिस्त असेल तर रात्री एकट्या बाईमाणसाला गाडीत बसताना धास्ती वाटणार नाही. ही कमाई दोघांचीही आहे.

म्हणून श्रोतेहो, आपणांकडे एक मागणे आहे. गाडीवाल्याविषयी तक्रार असेल तर गाडीचा क्रमांक टिपा, आर.टी.ओ.कडे लिहा, आणि त्याची एक प्रत त्याच्या संघटनेकडेही पाठवा. उत्तर आले तर ती संघटना खरी समजा. न आले तर पुढच्या वेळी तिचा मोर्चा निघेल तेव्हा तिला त्याची आठवण करून द्या. आम्हांला त्याचा राग येणार नाही. संघटना चांगली होण्याचा तोही एक मार्ग आहे.