वीणेचा पहारा, गावाचा पहारा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस, फार लांबण लावत नाही. तरुण पोरांनी ग्रामसुरक्षा दलात नाव द्यावं, एवढं मागायला उभा राहिलो आहे.

सप्ताहात आपण वीणा खाली ठेवत नाही. सात दिवस रात्रंदिवस पहारे लावतो. रात्री दोनचा पहारा असला तरी माणूस उठतो, कारण आपण नाही गेलो तर आधीचा विणेकरी तसाच उभा राहील. गावाची राखण अशीच आहे. आपल्याकडं विहिरीवरच्या मोटारी गेल्या, केबल कापल्या, गोठ्यातल्या शेळ्या गेल्या. पोलीस ठाण्याला गावं पुष्कळ, माणसं थोडी. म्हणून पोलीस पाटलांकडं नाव द्यायचं आणि आळीपाळीनं गस्त घालायची. पगार नाही. काठी, शिट्टी, बॅटरी आणि जागरण.

पण आज एक कबुली द्यायची आहे. दल निघालं तवा मी पहिल्यांदा नाव दिलं. कार्तिकातली रात्र होती. ओढ्याच्या कडंला एक माणूस वाकून चाललेला दिसला. हाक मारली, थांबला नाही. पोरांनी पळत जाऊन धरला. आणि पहिली थोबाडीत कुणी मारली? मी. गळ्यात माळ, तोंडात हरिनाम, आणि हात असा. माझं बघून पोरांनी काठ्या उचलल्या. तो हात जोडून एकच म्हणत होता, "बैल सुटलाय मालक, बैल सुटलाय." ऊसतोडीच्या टोळीतला गडी होता. तेवढ्यात पलीकडच्या उसात घुंगरं वाजली. बैल तिथंच उभा होता. घुंगरं वाजली नसती तर?

तर काय होतं ते धुळे जिल्ह्यात घडलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आली, अशी मोबाईलवर अफवा. भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावानं ठार केलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला २ साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. मारणाऱ्यांनाही वाटलं असंल, आपण गावच राखतोय.

माऊली, वारीत आपणही परक्या गावात दिवेलागणीला पोचतो. कुणाच्याही ओसरीवर पथारी टाकतो. तिथली माणसं नाव-गाव विचारायच्या आधी पाणी देतात. शंभर वर्षं आपण परक्यांच्या भरवशावर पंढरी गाठली. मग आपल्या शिवेवरचा परका लगेच चोर कसा?

म्हणून नाव द्या, पण एकादशीसारखा नेम धरून द्या. एकट्यानं गस्तीला जायचं नाही. परका दिसला तर आधी राम राम, मग विचारपूस. संशय आला तर पोलीस पाटलांना निरोप आणि ११२ ला फोन. चोरी करताना कुणी धरलाच, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानं ६ तासांच्या आत तो पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. तोवर अंगाला हात लावायचा नाही. मोबाईलवर आलेली बातमी ठाण्यात विचारल्याशिवाय पुढं धाडायची नाही. आणि आपल्यातल्याच कुणी हात उचलला, तर पहिल्यांदा तो हात धरायचा. त्या रात्री माझा हात धरणारा कुणी नव्हता.

सकाळी मी त्या गड्याच्या कोपीवर गेलो, पाया पडलो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माळकरी, माझ्या कशाला पाया पडता?" त्याच्या बायकोनं चहा दिला. तो चहा घशाखाली उतरंना.

मंगळवारची गस्त अजून माझी आहे. सोबतीला एक माणूस कमी पडतोय. कोण येतंय?

राम कृष्ण हरी!