नटीची नोकरी



‘जुन्या काळच्या सिनेनट्या’ हा विषय एका युनियनवाल्याने मागून घ्यावा, याचे आपल्या चिटणिसांना आश्चर्य वाटले. ‘तुम्ही किमान वेतनावर बोला,’ असे ते म्हणाले. मी म्हटले, वेतनावरच बोलणार आहे, उदाहरणे मात्र पडद्यावरची घेतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि कसारा लोकलने केले. तेव्हा अभिनयाच्या बारकाव्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माणूस कोणाकडे राबतो, काय कबूल करून राबतो आणि कामावर मोडला तर त्याचे काय होते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय हाडीमाशी खिळली आहे. तेच आज नटीला विचारू.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीसाठी स्त्री मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा तरुण सापडला. त्याला दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. म्हणजे आपली पहिली तारामती पाच रुपयांच्या वाढीवर मिळाली! त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी उभ्या राहिल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या आणि पोट हातावर होते. लोक याला धाडस म्हणतात. धाडस होतेच, पण ते चुलीने करायला लावलेले धाडस होते. दुर्गाबाई खोटे तर मुंबईच्या लाड घराण्यातल्या, कॉलेजात शिकलेल्या. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली म्हणून १९३१ मध्ये त्या सिनेमात आल्या. पुढे एकाच कंपनीला बांधून न घेता त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांत काम केले. त्या काळात हे किती अवघड होते ते कळायला कंपनीची रीत माहीत हवी.

तेव्हा नट-नट्या पगारी नोकर असत. पुण्याच्या प्रभात कंपनीत सुतार, रंगारी, शिंपी आणि नायिका एकाच आवारात कामाला. कंपनी काम देईल ते करायचे, काम देणार नाही त्या दिवशी बसून राहायचे, आणि करार असेपर्यंत दुसरीकडे तोंड रंगवायचे नाही. प्रभातचे बरेचसे मालक मूळचे कारागीर, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्या चित्रांबद्दल त्याहून अधिक. परंतु कारागीर मालक झाला तरी कराराचा कागद मालकाचाच असतो.

शांता आपटे ‘अमृतमंथन’पासून, म्हणजे १९३४ पासून, प्रभातच्या पडद्यावर दिसू लागल्या. १९३७ साली ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाला लग्न म्हणायलाच तयार नाही. गाणे, बोलणे, डोळे, सगळे एका जागी असलेली ही बाई साऱ्या हिंदुस्थानात गाजली. आणि दोन वर्षांनी, १९३९ च्या जुलैत, हीच बाई कराराच्या भांडणावरून प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसली!

माझ्या ओळखीचे म्हातारे सिनेमावेडे ही गोष्ट हसत सांगतात. नटीचा तोरा, नखरा, दुसरे काय! मी हयातभर कारखान्यांच्या फाटकांवर बसलो आहे. फाटकावर बसणे काय असते, ते बसलेल्यालाच ठाऊक. दुपारी खालची जमीन तापते, आत जाणारे ओळखीचे लोक दुसरीकडे बघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून घरचेच विचारू लागतात, आता पुरे नाही का? आम्ही बसलो तेव्हा पाठीमागे दोनशे माणसे होती आणि लाल कापडाचा तुकडा होता. शांताबाईंच्या मागे युनियन नव्हती. त्यांनी प्रभात सोडले, आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचे पुस्तक लिहिले. सिनेमाची हौस असणाऱ्या मुलींना हा धंदा भांडवलाचा कसा आहे आणि त्यात राबणाऱ्याची किंमत काय, हे त्यात एका नटीने सांगितले आहे. नट्यांची आत्मचरित्रे पुढे बरीच आली. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ तर आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा चित्रपटही निघाला. परंतु धंद्याचे पोट फाडून दाखवणारे पुस्तक मला शांताबाईंचेच वाटते. १९६४ मध्ये त्या वारल्या, पन्नाशीही न गाठता.

आता थोडे दूर, हॉलिवूडकडे जाऊ, पण जाता जाता आपल्या पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यावरून जाऊ. डहाणू-तलासरीकडे पूर्वी ‘लग्नगडी’ असत. वारली तरुण लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेई आणि फेडीसाठी नवरा-बायको त्याच्याकडे राबत. फेड कधी संपायची ते सावकार ठरवी. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या बरोबर वारली उठले तेव्हा ही वेठ मोडू लागली.

हॉलिवूडचा करार सात वर्षांचा असे. नटीने एखादी भूमिका नाकारली की कंपनी तिला बिनपगारी घरी बसवी आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडी. म्हणजे फेड लांबतच राहायची. बेटी डेव्हिस १९३६ मध्ये वॉर्नर कंपनीला सोडून इंग्लंडला गेली. तिथल्या कोर्टात ती हरली आणि निमूट परत आली. तिचीच सहकारी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. तिची सात वर्षे १९४३ मध्ये भरली, तर कंपनीने आणखी सहा महिने काढले. तिने दावा लावला. कंपनीने इतर निर्मात्यांना पत्रे लिहून तिचे काम तोडले. आपल्याकडे याला काळ्या यादीत घालणे म्हणतात. परंतु कॅलिफोर्नियात मजुराला सात वर्षांपलीकडे करारात बांधता येत नाही, असा कायदा पुस्तकात पडलेला होता. १९४४ च्या डिसेंबरात अपील कोर्टाने निकाल दिला की सात वर्षे म्हणजे पंचांगाची सात वर्षे. तिथल्या नटांची संघटना १९३३ पासून उभी होती, तीही तिच्या बाजूने होती. पुढे ऑलिव्हियाने दोन वेळा ऑस्कर मिळवले. २०२० मध्ये ती एकशे चार वर्षांची होऊन गेली. त्या कंपनीच्या वयापेक्षाही तिचे आयुष्य जास्त भरले!

दोघींच्या हिमतीत मला फरक दिसत नाही. एकीजवळ कायद्याचे कलम होते आणि संघटना होती, दुसरीजवळ फक्त फाटक होते.

आता मोडण्याचा प्रश्न. येवल्याच्या ललिता पवार मूकपटांपासूनच्या नायिका. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, सुमारे तीन वर्षे उपचार चालले, आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. तो अपघात होता, कोणाच्या मनात वैर नव्हते. परंतु यंत्रात बोट जाते तोही अपघातच असतो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता, पण तो यंत्रापाशी उभ्या असलेल्यांचे हातपाय मनात धरून लिहिलेला. नायिकेचे काम गेले. मग या बाईने काय करावे? त्याच डोळ्याने ती ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई झाली, ‘श्री ४२०’ मधली केळीवाली झाली, आणि १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेत मंथरा. माझी आई टीव्हीसमोर बसून मंथरेला शिव्या घालायची. तो डोळा कामावर गेला होता, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

सिने-कामगारांसाठी आपल्याकडे कायदा झाला तो १९८१ मध्ये. लेखी कराराशिवाय कामाला लावू नये, हे त्यात आले. शांताबाईंच्या उपोषणानंतर बेचाळीस वर्षांनी.

घोडबंदर रस्त्याकडे मालिकांची चित्रीकरणे चालतात. बारा-बारा तासांची पाळी, आणि पैसे नव्वद दिवसांनी, असा तिथला रिवाज. आपल्या खडवलीच्याही दोन-तीन मुली पहाटेची गाडी धरून तिकडे जातात, कुणी गर्दीत उभी राहायला, कुणी कपडेपटात. त्यांच्या आया इथे बसल्या आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. मुलीने जिथे सही केली असेल तो कागद, आणि कागदच नसेल तर कोणाच्या शब्दावर जाते त्याचे नाव, रविवारी सकाळी घेऊन या. मी दहापासून ग्रंथालयाच्या ओट्यावर बसलेला असेन. चष्मा बरोबर आणतो.