दारात आलेलं गॅरेज आणि हातातला कागद

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गाडी बंद पडली की पूर्वी ती गॅरेजपर्यंत न्यावी लागायची. दुचाकी असेल तर ढकलत, चारचाकी असेल तर दोर बांधून ओढत; पण न्यावी लागायची. आता गॅरेजच आपल्याकडे येतं. एक फोन केला की मेकॅनिक पान्यांची पेटी, जॅक आणि ऑइलचे डबे घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये हजर होतो. बॅटरी बदलणं, ऑइल आणि फिल्टर बदलणं, ब्रेकचे लायनर घालणं, पंक्चर काढणं, अशी किती तरी कामं जागेवर होतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर ही पद्धत शहरांतल्या अनेक घरांच्या अंगवळणी पडली. नोकरदाराची रजा वाचते, वयस्कर माणसाची पायपीट वाचते, आणि गाळ्याचं भाडं परवडत नाही अशा तरुण कारागिराला स्वतःचा धंदा उभा करता येतो.

सोय मोठी आहे. पण गॅरेज दारात येतं तेव्हा एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे गॅरेजची भिंत. ही भिंत फक्त विटांची नव्हती. गिऱ्हाईक आणि कारागीर या दोघांनाही ती कायद्याचा आधार देत होती. तो आधार कोणता, ते आधी पाहू.

आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १४८ व्या कलमात ‘निक्षेप’ नावाची कल्पना आहे. शब्द जड आहे, पण गोष्ट रोजची आहे. शिंप्याकडे कापड देणं, घड्याळजीकडे घड्याळ देणं, गॅरेजमध्ये गाडी देणं, हे सगळे निक्षेपच. ठरलेल्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की ती परत घ्यायची. असा ताबा घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायला हवी, असं १५१ वं कलम सांगतं. म्हणजे गॅरेजमध्ये असताना गाडीला पोचारा आला, आतलं काही गेलं, तर गॅरेजवाल्याला त्याचा जाब द्यावा लागतो. हा झाला गिऱ्हाइकाचा आधार. कारागिराचा आधार १७० व्या कलमात आहे. त्याने आपलं कसब आणि मेहनत त्या वस्तूवर खर्च केली असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत तो ती वस्तू अडवून ठेवू शकतो. ‘पैसे द्या आणि गाडी न्या’ या वाक्यामागे दीडशे वर्षांचा कायदा उभा आहे.

आता यातली खुबी पाहा. हे दोन्ही आधार एकाच खुंटीवर टांगलेले आहेत, ती खुंटी म्हणजे ताबा. दारात होणाऱ्या दुरुस्तीत बहुतेक वेळा ताबा बदलतच नाही. गाडी तुमच्या पार्किंगमध्ये, किल्ली तुमच्या खुंटीला. मेकॅनिकने दोन तास घाम गाळून काम पुरं केलं आणि तुम्ही म्हणालात, ‘पैसे उद्या पाठवतो,’ तर त्याच्या हातात अडवून धरण्यासारखं काहीच नाही. उलट, दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही, तर तुम्हाला जाऊन उभं राहायला गॅरेज नाही. तुमच्याकडे आहे तो फक्त एक मोबाइल नंबर. म्हणून भिंत जे काम करत होती, ते आता कागदाला करावं लागतं. आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा एवढाच आहे.

कुणी म्हणेल, करार तोंडीही चालतो की! चालतो. १८७२ च्या कायद्याने अशा करारासाठी लेखी कागदाची सक्ती केलेली नाही. अडचण येते ती करार सिद्ध करताना. काय ठरलं होतं, हे दोघांना दोन तऱ्हांनी आठवतं, आणि वाद झाला की आठवण आपापल्या सोयीने वळते. गॅरेजच्या भाषेत ज्याला जॉब कार्ड म्हणतात तो एका पानाचा कागद, दोघांच्या सह्यांचा, यासाठी पुरेसा असतो. सही करायला वेळ नसेल तर मोबाइलवर मजकूर पाठवून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं तरी चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये पुढे घातलेल्या १०-अ कलमाने अशा इलेक्ट्रॉनिक करारांना मान्यता दिली आहे. फक्त ते संदेश पुसू नका. न्यायालयात दाखवायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मग या पानावर काय असावं? सगळ्यात वर मेकॅनिकचं पूर्ण नाव आणि राहण्याचा किंवा कामाचा पत्ता. दुकान नसलेल्या माणसाचा पत्ता हीच त्याची पाटी. त्याखाली गाडीचा नंबर, मीटरवरचा आकडा, आणि गाडीवर आधीच असलेले चरे-पोचारे. दोन फोटो काढले की हे काम मिनिटात होतं, आणि ‘हा चरा तुमच्या पान्याने पडला’ हे भांडण जन्मालाच येत नाही.

दुसरी गोष्ट तक्रारीची. ती गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहावी, ‘ब्रेक दाबला की कर्रकर्र आवाज येतो’ अशी. त्याखाली मेकॅनिकने त्याला काय आढळलं ते लिहावं. मग खर्चाचा अंदाज. त्यात येण्याजाण्याचे पैसे, मजुरी आणि सुटे भाग हे तीन आकडे वेगवेगळे हवेत. बरेच वाद येण्याजाण्याच्या पैशांवरून होतात. मेकॅनिक आला, गाडी तपासली आणि काम करायचं नाही असं ठरलं, तर त्या फेरीचे पैसे द्यायचे की नाही? द्यायचे, पण किती ते आधी ठरलेलं असावं.

आता कराराचा गाभा, म्हणजे वाढीव काम. समजा, लायनर बदलायला मेकॅनिक आला. चाक काढल्यावर त्याला दिसलं की आतला व्हील सिलिंडर गळतोय. तुम्ही ऑफिसात, बैठकीत, फोन बंद. तो बिचारा चांगल्या हेतूने नवा सिलिंडर टाकतो, बिल दुप्पट होतं, आणि संध्याकाळी तुम्ही म्हणता, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ दोघेही आपल्या जागी खरे. यावर एका ओळीचा उपाय आहे: ‘अंदाजापेक्षा अमुक रकमेहून जास्त खर्च निघाल्यास ग्राहकाचा होकार घेतल्याशिवाय काम करणार नाही.’

पण याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. मेकॅनिक सांगतो, ‘साहेब, सिलिंडर बदलायला हवा,’ आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ अशा वेळी मेकॅनिकने कागदावर स्पष्ट लिहावं की हा दोष सांगितला, गाडी चालवणं धोक्याचं आहे हे सांगितलं, ग्राहकाने तूर्त दुरुस्ती नको म्हटलं. आणि त्याखाली सही घ्यावी. ही ओळ मेकॅनिकला वाचवते, आणि बऱ्याचदा गिऱ्हाइकालाही. तोंडी ‘बघू’ म्हणणं सोपं असतं. ‘ब्रेक धोक्याचा आहे, तरी मला दुरुस्ती नको’ या वाक्याखाली सही करताना मात्र हात थबकतो. त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आपली मुलं बसणार असतात.

सुट्या भागांबद्दल तीन गोष्टी. भाग कंपनीचा की बाजारातला, हे नावासह लिहावं. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मागितल्यास द्यावा. आणि गिऱ्हाइकाने स्वतः भाग आणून दिला असेल, तर मेकॅनिकची हमी फक्त त्याच्या मजुरीपुरती राहील, हे ठरवून घ्यावं. हमी म्हणजे किती दिवस किंवा किती किलोमीटर, तेही आकड्यात हवं. ‘काही झालं तर मी आहे’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण ते कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यातून कळत नाही.

मग येते ट्रायल. काम झालं की मेकॅनिक गाडी एक चक्कर मारून आणतो. त्या पाच मिनिटांत अपघात झाला तर? मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणं हा मालकाचाही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात दिलेल्या निकालाचं सारही लक्षात ठेवण्याजोगं आहे. परवान्याची अट मोडण्यात मालकाची चूक किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर जखमी माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा ट्रायल कोण मारणार, त्याचा परवाना पाहिला का, आणि तुमचा विमा चालू आहे का, हे कागदावर आणा. सगळ्यात बरं म्हणजे परवाना असलेल्या गाडीमालकाने स्वतः चालवावी आणि मेकॅनिकने शेजारी बसावं.

जागेचा प्रश्न गॅरेजमध्ये कधी येत नव्हता, पार्किंगमध्ये येतो. सोसायटीची परवानगी कोण घेणार? जमीन सपाट आहे का? उतारावर जॅक लावून गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि अशा जागी काम नाकारण्याचा हक्क मेकॅनिकला करारातच असावा. फरशीवर ऑइल सांडलं तर साफ कोण करणार? आणि काढलेलं काळं ऑइल कुठे जाणार? वापरलेलं ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गटारात ओतायचं नसतं, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचवायचं असतं. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. म्हणून ‘जुनं ऑइल आणि बॅटरी मेकॅनिक घेऊन जाईल व नियमाप्रमाणे जमा करील’ ही ओळ विसरू नका.

काही कामं दारात होत नाहीत. इंजिन उघडायचं असेल, वेल्डिंग असेल, तर गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. ज्या क्षणी तुम्ही किल्ली देता आणि गाडी फाटकाबाहेर जाते, त्या क्षणी ताबा बदलतो आणि मघाचा निक्षेपाचा कायदा लागू होतो. तेव्हा जुन्या कागदावर भागवू नका. कुठे नेली, कधी परत देणार, आत काय सामान आहे, याची नवी पावती घ्या.

पैशांबाबत एक भ्रम दूर करायला हवा. ‘बिल हवं असेल तर जीएसटी पडेल,’ असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला तो कर लावताच येत नाही. ज्याची आहे, त्याला तुम्ही बिल मागा वा न मागा, कर भरावाच लागतो. आणि बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असं छापून मोकळं होण्याचाही फारसा उपयोग नाही. ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या एकतर्फी करारांविरुद्ध याच कायद्याखाली राज्य आयोगाकडे दाद मागता येते. त्यापेक्षा आपण कशाला जबाबदार आणि कशाला नाही, हे सरळ लिहिणारा मेकॅनिक जास्त सुरक्षित असतो.

टूरवाले, शाळेच्या बसवाले, टेम्पोंचा ताफा असलेले व्यापारी हे वर्षाचा करार करतात. त्यांनी तर जास्तच जपून लिहावं, कारण धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर जाऊ शकते आणि मग दिवाणी न्यायालयाचाच रस्ता उरतो. फोन केल्यापासून किती वेळात मेकॅनिक येणार, वर्षात किती फेऱ्या, रात्रीचे दर काय, करार मोडायचा तर किती दिवसांची नोटीस, हे त्यात हवं. असा करार योग्य मुद्रांकावर करावा; नाही तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून वाचला जात नाही.

एवढं करूनही वाद झालाच, तर आधी लेखी कळवा आणि दुरुस्तीची संधी द्या. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा आयोग. सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते. ज्याचं दुकानच नाही त्याच्याविरुद्ध तक्रार करताना ही सवलत फार मोलाची आहे. पण आयोगाची नोटीस पाठवायला पत्ता लागतोच, आणि तो पहिल्या ओळीत लिहून घेतलेला असला तरच सापडतो.

आपल्याकडे कागद मागितला की अविश्वास दाखवला असं वाटतं. ओळखीच्या माणसाकडे सही कशी मागायची, हा संकोच दोन्हीकडे असतो. पण ज्याच्या हातात आपण आपले ब्रेक सोपवतो, त्याला त्याची मजुरी वेळेवर मिळावी आणि आपली गाडी वेळेवर थांबावी, एवढंच तर त्या पानावर लिहायचं असतं. पुढच्या वेळी मेकॅनिकला फोन कराल तेव्हा दर विचाराल, वेळ विचाराल. त्याबरोबर एवढंही विचारा, ‘जॉब कार्ड आणाल ना?’